भावोजींची पांढरी डबी

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण माझी ताई अजून त्यांच्याच घरात आहे. तिची अडचण नसती तर नाव, दवाखान्याची पाटी, पाटीवरची पदवी, सगळं लिहिलं असतं. मी त्यांना भावोजी म्हणते. तेव्हाही हेच म्हणत होते. परक्या माणसानं दिलेलं औषध मी इतक्या विश्वासानं तोंडाला लावलं नसतं.

मी आता निवृत्त शिक्षिका आहे. शेजारपाजारच्या मुली कुठलीकुठली मलमं चेहऱ्याला लावतात. मैत्रिणीनं दिलं, दुकानदारानं दिलं, मावशीला गुण आला. त्यांना मी माझा जुना फोटो दाखवते. फोटो बघून त्या गप्प होतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण आहे. हे लिहिताना मला अजून बरं वाटतं.

गुण आला

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आमचं घर हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीत, आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. मी रत्नागिरीला डी.एड. करत होते, वसतिगृहात राहत होते. माझ्या तोंडावर मुरुमं होती. थोडीथोडकी नव्हेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आईनं जायफळ उगाळून लावलं, चंदन लावलं, तळलेलं बंद केलं. लग्नकार्यात बायका माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत आणि आईला विचारत, "हिचं काही करत नाही काय गो?" मी तिथेच उभी असायची.

प्रभाताई सावर्ड्याला दिलेली. भावोजींचा दवाखाना हायवेलगत, बाजाराच्या तोंडाशी. पुढे दवाखाना, मागे घर. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि चेहरा नीट पाहिला. मग कपाटातून दोन ट्यूबा काढल्या. एक खाज-गजकर्णावरची, दुसरी जखमेवर लावायची, जंतू मारणारी. दोन्ही खलात पिळल्या, घोटल्या, वर गुलाबाच्या अर्काचा थेंब टाकला आणि ते सगळं एका पांढऱ्या डबीत भरलं. डबीवर चिठ्ठी नाही, नाव नाही.

"हे माझं स्वतःचं आहे," ते म्हणाले. "बाजारात मिळायचं नाही. रोज रात्री लाव."

सुट्टी संपायच्या आत चेहरा साफ झाला. अगदी साफ. कोणाला वाटेल मी वाढवून सांगते, पण तोपर्यंत मी भांग पाडण्यापुरताच आरसा बघायची आणि आता उगीचच आरशासमोर उभी राहत होते. ताईनं मला जवळ घेतलं. भावोजी बाहेरून हाक मारायचे, "शैला, जरा बाहेर ये." मी गेले की रोग्यांना सांगायचे, "ही माझी मेहुणी. मागच्या महिन्यात हिच्याकडे बघवत नव्हतं. आता बघा." मला लाज वाटायची आणि आवडायचंही. वाडीवाडीच्या मुली त्या डबीसाठी यायला लागल्या.

बिघडलं

वर्षभर मी ते लावत राहिले. एखाद्या रात्री राहिलं तर सकाळी तोंड तापलेलं असायचं, कातडी ओढल्यासारखी व्हायची. म्हणून मी राहूच देत नव्हते. उन्हातून चालत आले की गाल लालबुंद व्हायचे. मैत्रिणी म्हणायच्या, काय गुलाबी झालीस. मग नाकाच्या कडेनं आणि ओठाखाली पिवळ्या तोंडाचे फोड आले. आधीची मुरुमं अशी नव्हती. हे फोड एका रात्रीत भरायचे आणि फुटले की शेजारी नवीन उठायचे.

मी सावर्ड्याला गेले. भावोजींनी लांबूनच पाहिलं.

"लावतेस ना नीट?"

"रोज लावते."

"मग दोनदा लाव. जंतू चिवट झालेत."

जंतू चिवट झालेत. हे वाक्य त्यांचंच. पुढे दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याचा अर्थ कळला तेव्हा मला वाटलं, याला सगळं ठाऊक होतं की काहीच ठाऊक नव्हतं? दोन्हींपैकी काय जास्त वाईट, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दोनदाचं तीनदा झालं. एके दिवशी वर्गात फळ्यावरची अक्षरं एकाच डोळ्याला दिसायला लागली. दुसरा डोळा सुजून मिटला होता. अंगात ताप होता. रेक्टरबाईंनी आप्पांना निरोप धाडला आणि मला रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं.

बशी

तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या होत्या. माझं तोंड पाहून त्यांनी नर्सला सुई आणायला सांगितलं, एका फोडातला पू घेतला आणि मग विचारलं, "काय लावत होतीस?"

मी पिशवीतून डबी काढून दिली. त्यांनी वास घेतला.

"कोणी दिलं?"

"माझे भावोजी डॉक्टर आहेत."

"यात काय आहे ते सांगितलं का त्यांनी?"

"सांगितलं नाही. पण मी बघितलंय." आणि मी त्यांना दोन ट्यूबांची नावं सांगितली. मास्तरांची मुलगी, वाचलेलं लक्षात राहायचं.

त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि ती आपल्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. "हे आता आयुष्यात लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "बंद केल्यावर चेहरा आणखी पेटेल. तेव्हा मला शिव्या दे, पण लावू नकोस."

काही दिवसांनी, ताप थोडा खाली आल्यावर, त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. आप्पाही होते. टेबलावर काचेची चपटी बशी होती. तळाशी खळीसारखा पिवळसर थर, त्यावर दुधाची साय धरावी तशी पांढुरकी बुरशी पसरलेली. मला ती बुरशी वाटली. ते माझ्या फोडातले जंतू होते. थरावर कागदाच्या गोल टिकल्या ठेवलेल्या होत्या, प्रत्येक टिकलीत एकेक औषध. काही टिकल्यांभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. तिथे जंतू वाढले नव्हते.

"ही टिकली बघ," त्यांनी पेनानं दाखवलं. "तुझ्या डबीतलं औषध."

त्या टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. जंतू अगदी कागदाला चिकटून वाढले होते.

"प्रत्येकाच्या कातडीवर जंतूंची वस्ती असते," त्या म्हणाल्या. "तुझ्या, माझ्या, गुरुजींच्यासुद्धा. बरेचसे निरुपद्रवी असतात. उलट ते जागा धरून राहतात म्हणून वाईटांना शिरकाव मिळत नाही. तू वर्षभर रोज एकच औषध लावलंस. त्यानं जे मरणारे होते ते मेले. ज्यांना औषध पचलं ते राहिले, आणि मोकळ्या जागेत त्यांचीच पैदास झाली. आता ते औषध त्यांना पाण्यासारखं आहे."

"पण आधी गुण आला होता," आप्पा म्हणाले.

"तो दुसऱ्या मलमाचा. त्यानं लाली आणि सूज दाबली जाते. आतला जाळ विझत नाही, बाहेर दिसत नाही एवढंच. वर कातडी कागदासारखी पातळ होते. हिचे गाल बघा, शिरा दिसतात."

आप्पांनी माझ्या गालाकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

"आणि असं औषध किती मुलींना दिलंय तुमच्या जावयांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी मनात मोजायला लागले आणि थांबले.

बायकांचा वॉर्ड

सकाळी इंजेक्शन, मग मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांच्या घड्या तोंडावर, दुपारी पुन्हा इंजेक्शन, संध्याकाळी पुन्हा घड्या. डॉक्टरीणबाई बोलल्या तसंच झालं, मलम बंद झाल्यावर तोंड पेटलं. हवेची झुळूक आली तरी तिखट चोळल्यासारखं व्हायचं. मी एका नर्सला हात जोडून म्हटलं होतं, ती डबी थोडी द्या, एकदाच. तिनं नाही म्हटलं आणि पंख्याचं तोंड दुसरीकडे वळवलं. त्या पंख्याबद्दल मी तिची अजून आभारी आहे.

शेजारच्या खाटेवर मासे विकणारी एक चाची होती. पायात काटा जाऊन पाय चिघळलेला. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "बाय, तुझा नवरा मारतो काय?"

"लग्न नाही झालं."

"मग कोणी केलं?"

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये हळहळली नाही, म्हणून मला पुढे सांगता आलं. शेवटी मी म्हटलं, त्याला बांधून घालावं आणि त्याच्याच खलातलं त्याच्या तोंडाला वर्षभर फासावं असं वाटतं.

"वाटू दे," चाची म्हणाली. "राग आहे तो जपून ठेव. पण आधी ताप उतरू दे. आजारी माणसाच्या रागाला कोणी भीत नाही."

भावोजी आले ते रविवारी. हातात मोसंब्यांची पिशवी, सोबत आई आणि ताई. योगायोगानं डॉक्टरीणबाई वॉर्डातच होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "हिला ती पांढरी डबी तुम्ही दिलीत?"

"मी?" भावोजी हसले. "मॅडम, मी साधा ताप-खोकल्याचा डॉक्टर. मुंबईहून कोणीतरी आणलं असेल. मुलींना काय, गोरं होण्यासाठी काहीही लावतात."

"मी तुम्हाला खलात घोटताना पाहिलंय," मी म्हटलं. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते.

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "तापात बोलते आहे," ते म्हणाले.

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा मोसंब्यांच्या पिशवीकडे बघत होते. आई पदराशी चाळा करत होती. ताईनं तर मान वरच केली नाही. डॉक्टरीणबाई थोडा वेळ थांबल्या, कोणी काही बोलतं का बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "डबीवर नाव नाही. घरचे बोलत नाहीत. मी तक्रार कशाच्या जोरावर करू?"

ते गेल्यावर आप्पा खाटेच्या कडेला बसले. "प्रभाला तिथेच नांदायचं आहे, शैला."

"आणि मी हे तोंड घेऊन कुठे नांदू?"

त्यांनी मोसंबं सोलायला घेतलं. मी ते खाल्लं नाही. चाचीनं खाल्लं.

सावर्डे

बरी होऊन घरी आले. बरी म्हणजे फोड गेले, डाग आणि लाली राहिली. मुरुमांसाठी बाईंनी वेगळं औषध दिलं. या औषधाला जंतू सरावत नाहीत, पण थोडंच लाव म्हणाल्या. टॉवेलाला लागलं की रंग उडायचा, सगळे टॉवेल ठिपक्याठिपक्यांचे झाले. आईनं कुरकुर केली नाही. ती माझ्याशी फारसं बोलतच नव्हती. तिला भीती होती की मी काहीतरी बोलेन.

डी.एड.ची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात मी सांगितलं, "ताईकडे जाऊन येते." आईला वाटलं राग गेला. तिनं सोबत कोकमं दिली.

दवाखान्याच्या पडवीत रोग्यांसाठी बाकडं होतं. मी सकाळी आंघोळ करून त्यावर जाऊन बसले. तोंडाला पावडर नाही, पदर नाही, उजेडाकडे तोंड. भावोजी पडद्याआडून बाहेर आले, मला पाहिलं आणि परत आत गेले. मेहुणीला चारचौघांत हाताला धरून उठवायचं म्हणजे तमाशा. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

पहिल्या आल्या त्या एका वाडीतल्या मायलेकी. मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

"तू डॉक्टरांची मेहुणी ना?" आईनं विचारलं. "मागं किती छान दिसायचीस."

"तीच मी."

"मग हे काय झालं?"

"पांढऱ्या डबीनं झालं. आधी मागं बघितलंत तसं होतं, मग हे असं. रत्नागिरीला इस्पितळात होते."

मुलीनं आईचा हात धरला. दोघी उठल्या आणि चपला घालून गेल्या. मला आनंद झाला. तो आनंद चांगला होता की वाईट याचा विचार मी केला नाही. पडद्याआड खुर्ची सरकल्याचा आवाज आला, त्यानं तर मला आणखी आनंद झाला.

असे काही दिवस गेले. मी कोणाला हाक मारून सांगत नव्हते. जो विचारी त्याला सांगायची, आणि विचारत नाही असं माणूस सावर्ड्यात नव्हतं. दुपारी जेवताना भावोजी म्हणाले, "माझ्या घरात राहून माझंच अन्न खातेस आणि माझं वाटोळं करतेस."

"होय."

"किती दिवस चालणार हे?"

"डबीत काय होतं आणि त्यानं काय होतं, ते बाहेर बसलेल्या लोकांना सांगा. मी संध्याकाळच्या एस.टी.नं जाते."

ते ताटावरून उठले. ताईचा वाढता हात तसाच राहिला. त्याच दिवशी त्यांनी आप्पांना निरोप पाठवला, येऊन हिला घेऊन जा.

मला ताईचाही राग होता. भावोजींपेक्षा कदाचित थोडा जास्त. इस्पितळात ती एक शब्द बोलली असती तर बाकीच्यांची गप्प बसायची हिंमत झाली नसती, असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीत हात धुवायला गेले तर ती तिथे तोंड धूत होती. माझी चाहूल लागताच तिनं टॉवेल तोंडावर धरला.

"काय झालं?"

"काही नाही. साबण गेला डोळ्यात."

मी टॉवेल ओढला. पावडरीखालचं तिचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गालांवर लाल शिरांचं जाळं, हनुवटीच्या कडेनं पिवळ्या तोंडाचे फोड. माझेच फोड.

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून." ती पाण्याच्या बादलीकडे बघत होती. "यांना वाटायचं डॉक्टरची बायको उजळ दिसायला हवी. तुझं तसं झाल्यावर मी सोडून बघितलं. नाही सहन होत गो. सकाळपर्यंत कशीबशी राहते आणि परत लावते. हे बघतात आणि काही बोलत नाहीत."

मी टॉवेल तिच्या हातात परत दिला. मग तिनं विचारलं, "सोडल्यावर किती दिवस जळतं?"

"पुष्कळ. पण मग थांबतं."

"नक्की थांबतं?"

"माझं थांबलं."

माझ्या मनात तिच्यासाठी जे काही साचलं होतं ते सगळं उचलून मी भावोजींच्या नावावर टाकलं. त्यांचं ओझं दुप्पट झालं.

बाजाराचा दिवस

आप्पा आले तो बाजाराचा दिवस होता. पडवी भरलेली. ते बाकड्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "चल, पिशवी आण."

"आप्पा, एकच विचारते. इस्पितळात मी तापात बोलत होते काय?"

लोक बघायला लागले. भावोजी पडदा सारून दारात आले. "गुरुजी, आधी हिला घेऊन जा, मग बोलू," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, समजुतीचा.

तेवढ्यात आतल्या दारानं ताई आली. तोंड धुतलेलं, पावडर नाही. ती माझ्याशेजारी बसली. पडवीत कुजबूज झाली ती तिला बघून. मला सगळे ओळखत होते, पण डॉक्टरांची बायको अशी कोणी पाहिली नव्हती. एका म्हातारीनं वाकून विचारलं, "वहिनी, तुम्हीपण तेच लावता?"

"होय," ताई म्हणाली. "आजपासून नाही."

आप्पा आपल्या मोठ्या मुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि पडवीभर ऐकू जाईल असं, वर्गात बोलायचे तसं, म्हणाले, "नाही. धाकटी तापात बोलत नव्हती. पूर्ण शुद्धीत होती. मीच गप्प बसलो."

भावोजींनी आधी ताईला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. मग हसून बघितलं, कोणी हसलं नाही. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. ती डबी मी बंद करतो आहे."

"का, ते सांगा," मी म्हटलं.

"शैला, पुरे."

"का बंद करता, ते यांना सांगा."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो बघत होते, अजून आठवला तरी स्वच्छ दिसतो. ते जमिनीकडे बघून म्हणाले, "जास्त दिवस लावलं तर चेहरा बिघडतो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी लावू नये. रत्नागिरीला दाखवावं."

त्यांनी माफी मागितली नाही. मी मागायला लावलीही नाही. मला ते वाक्य हवं होतं, आणि ते त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच तोंडून, त्यांच्या रोग्यांसमोर मिळालं.

नंतर

ताईला आम्ही त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती आमच्या घरी राहिली, तिचं तोंड जळत होतं तेव्हा आई घड्या बदलत बसायची आणि माझी नजर टाळायची. बरी झाल्यावर ताई सावर्ड्याला परत गेली. मी नको म्हटलं होतं, पण तो तिचा निर्णय. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली तिनं आपल्याकडे घेतली, आणि ती सांगते की त्यानंतर नाव नसलेलं औषध त्या घरातून बाहेर गेलं नाही. गावात मात्र भावोजींना बरीच वर्षं डबीडॉक्टर म्हणत. पोरंटोरं पाठीमागून ओरडत. मला कोणी हे सांगितलं की मी पुन्हा एकदा सांगायला लावायची.

तुम्ही आजारी असाल, तोंड जळत असेल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. डबीवर नाव नसेल तर घेऊ नका, देणारा कोणीही असो. झटकन गुण आला तर खूश व्हायच्या आधी विचारा, यात काय आहे. तेच औषध महिनोन्‌महिने लावत राहू नका. वाईट मलम सोडलं की आधी जास्त बिघडतं, त्याला घाबरू नका, पण हे एकट्यानं करू नका. चांगला डॉक्टर गाठा आणि काय काय लावलं ते सगळं सांगा. लाजू नका.

आणखी एक. आजारपणात मला भेटायला येणारी बरीच माणसं सांगायची, मनातला राग काढून टाक, त्यांना माफ कर, म्हणजे लवकर बरी होशील. ताईच्या साठीच्या समारंभात भावोजी स्वतः माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "आता तरी झालं गेलं विसरशील ना?"

मी म्हटलं, "नाही."

माझी कातडी भरून आली, नोकरी झाली, संसार झाला, झोप चांगली लागते. माफी मी अजून दिलेली नाही. ती न देताही माणूस पूर्ण बरं होतं.